आजोळ ग्रुप : मेमध्ये माथेरान आणि दिवसाला एकच पॉइंट

दादा : सुट्टीचं आज ठरवून टाकू या. माझी रजा ११ ते १४ मे मंजूर झाली. महाबळेश्वर म्हणतोय मी. पहिल्या दिवशी जाताना पाचगणीचं टेबललँड. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्थर सीट, एलफिन्स्टन, केट्स पॉइंट, संध्याकाळी वेण्णा लेक. तिसऱ्या दिवशी प्रतापगड. चौथ्या दिवशी वाईचा गणपती करून घरी. कसं वाटतंय?

ताई : दादा, मुलांची वयं एकदा शेजारी लिहून बघ. बाळ सोळा महिने, छकुली चार वर्षं, सोन्या सहा वर्षं. शिवाय आईचे गुडघे.

वहिनी : मी त्यांना सकाळपासून हेच सांगतेय.

दादा : अगं, पण एवढं लांब जायचं आणि नुसतं बसून राहायचं?

मी : दादा, जरा लांबलचक लिहितेय, पण वाच. गेल्या वर्षी आपण असंच केलं होतं. तीन दिवसांत किती ठिकाणी गाडीतून उतरलो आणि परत चढलो, मला मोजता येत नाही. छकुलीला आंबेनळी घाटात तीनदा उलटी झाली. प्रतापगडाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ती माझ्या मांडीवर झोपली होती आणि वहिनी गाडीतच बसून राहिली. सोन्याला त्या सगळ्या सहलीतलं आज काय आठवतं, माहितीय? हॉटेलच्या मागच्या चौथऱ्यावर मुंगळ्यांची रांग होती, ती. दोन तास तो आणि आजी तिथे बसले होते. मला त्या रांगेसाठी वेळ हवा आहे यंदा. खरंच. मुलं लहान आहेत तोवर आपली सुट्टी त्यांच्या पावलांनी व्हायला हवी.
म्हणून मी माथेरान सुचवतेय.

आजी : माथेरान चालेल. तुमच्या बाबांबरोबर गेले होते. तांबडी माती.

ताई : माथेरानला माझं पहिलं मत. तिथे गाड्याच नाहीत, हीच मुलांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट. रस्त्यावर सोन्याचा हात सोडता येईल. इथे खाली सोसायटीच्या आवारातसुद्धा मी त्याचा हात सोडत नाही.

मोठे काका : गाड्यांना बंदी आहे, बरोबर. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची, तिथून पुढे पायी, घोडा किंवा छोट्या रेल्वेची शटल. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारने माथेरान आणि आजूबाजूचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. गाड्यांची बंदी मात्र त्याच्याही आधीपासूनची. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब तेवढे आत जातात.

दादा : थंडी कितपत असते? महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. माथेरान त्यापुढे काहीच नाही.

मोठे काका : माथेरान सुमारे ८०० मीटर. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे पायथ्याच्या नेरळपेक्षा पाचएक अंश कमी. मे महिन्यात दुपारी ऊन लागेलच, पण झाडी दाट आहे, सावलीतून चालता येतं.

मी : दादा, महाबळेश्वर जास्त थंड आहे, मान्य. पण तिथे प्रत्येक गोष्टीला गाडी लागते. आणि आमच्याकडून ते अडीचशे किलोमीटरच्या वर जातं. माथेरानचा नेरळपासूनचा घाट दहा किलोमीटरसुद्धा नाही. छकुलीसाठी एवढा एकच मुद्दा पुरे.

वहिनी : हो, तिच्या उलट्यांचं मी डॉक्टरांना विचारलं होतं. गाडी लागते ती दोन वर्षांच्या आतल्या बाळांना फारशी लागत नाही, तिथून पुढे दहा-बारा वर्षांपर्यंत जास्त. कानाच्या आतल्या भागाला वळण जाणवतं आणि डोळ्यांना मात्र गाडीतली स्थिर सीट दिसते, दोन्हींचा मेळ बसत नाही. म्हणून घाटात मोबाइल नाही, चित्रांचं पुस्तकसुद्धा नाही. समोरच्या काचेतून लांबचं बघायचं. निघताना पोट अगदी रिकामंही नको आणि गच्च भरलेलंही नको. गेल्या वेळी आपण तिला घाटाआधी मिसळपाव खाऊ दिला होता.

आजी : कोरडी पोळी आणि गूळ द्या.

दादा : बरं, पटतंय. पण आम्ही पुण्याहून यायचं कसं?

मोठे काका : दोन वाटा आहेत. गाडीने द्रुतगती मार्गावरून खोपोलीला उतरून कर्जत, नेरळ. किंवा रेल्वेने कर्जतला उतरायचं आणि पुढे लोकल. कर्जत ते नेरळ मध्ये फक्त भिवपुरी. मुलं बरोबर असताना मी रेल्वेच म्हणेन. चालता-फिरता येतं, आणि घाटाच्या बोगद्यांत मुलं खूश असतात. नेरळ स्टेशनबाहेर दस्तुरीपर्यंत टॅक्सी मिळतात.
आणि नेरळहून मिनी ट्रेनने गेलो तर? माझी फार इच्छा आहे. ही गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द. १९०१ ते १९०७ काम चाललं. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. एवढ्या अरुंद रुळांमुळेच इतकी आवळून वळणं घेता आली. एकच बोगदा आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग पार वाहून गेला होता, २००७ मध्ये पुन्हा उभा केला. २०१९ च्या पावसानंतर परत बंद पडली, ती २०२२ मध्ये सुरू झाली. दोन्ही वेळा मला वाटलं होतं, संपलं.

ताई : काका, तुम्ही सांगता तेव्हा मलाही बसावंसं वाटतं. पण साधारण वीस-एकवीस किलोमीटरला दोन तासांच्या वर लागतात आणि डबे एवढेसे. सोळा महिन्यांचं बाळ दोन तास मांडीवर?

मी : नाही बसणार तो. वीस मिनिटांनंतर त्याला खाली उतरून चालायचं असतं.
काका, असं करू या का? जाताना टॅक्सीने दस्तुरी, तिथून जवळच अमन लॉज स्टेशन, आणि अमन लॉज ते माथेरान शटल. तीनएक किलोमीटर, वीस मिनिटांच्या आत-बाहेर. तीच लाइन, तेच रूळ. गाडी बाजाराच्या मधोमध सोडते, त्यामुळे आईला चढ चालावाच लागणार नाही. उतरताना तुम्ही आणि सोन्या नेरळपर्यंत मिनी ट्रेनने या, आम्ही टॅक्सीने पुढे येऊन स्टेशनवर थांबतो. तो सहा वर्षांचा आहे, त्याला ते आयुष्यभर लक्षात राहील. आणि त्याला सगळं सांगायला शेजारी तुम्ही असाल.

मोठे काका : हे उत्तम. मला मान्य.

ताई : सोन्याला विचारलं. नाचतोय.

दादा : सामानाचं काय? बाबागाडी आणायची का?

ताई : बाबागाडी नको. लाल मातीत छोटी चाकं रुततात. बाळाला पुढे बांधायची झोळी घे. सामानाला दस्तुरीला हमाल मिळतात. ई-रिक्षा आता आहेत, पण थोड्या आहेत, त्यांच्यावर भिस्त ठेवून निघायचं नाही. हातरिक्षा बंद करायचा आदेश सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, त्या ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा असंही सांगितलं. मला त्याचं मनापासून बरं वाटलं. माणसाने माणसाला चढावर ओढत न्यायचं, ते बघवायचं नाही.

वहिनी : राहायचं कुठे? जंगलातले बंगले फोटोत सुंदर दिसतात.

मी : वहिनी, मीही त्यांवर तासभर घालवला. पण रात्री बाळाला ताप आला तर तिथून अंधारात चालत बाजारात यायचं. मला स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत हवं. नगरपालिकेचा दवाखाना गावात आहे, पण आपली नेहमीची औषधं, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं घरूनच न्यायची.
आणखी तीन गोष्टी मी फोनवर विचारून घेणार आहे. खोली तळमजल्यावर मिळेल का (आईसाठी, आणि बाळ जिन्याकडे धावतो म्हणून). खोलीसमोर ओटा किंवा अंगण आहे का. आणि मऊ भात, वरण, तूप साडेसहाला मिळेल का. तिथे बऱ्याच ठिकाणी जेवणासकट दर असतो आणि जेवण साडेआठला लागतं. तोवर आपली तिन्ही मुलं रडून झोपलेली असतील.

वहिनी : अंगण नक्की विचार. दुपारभर मुलं खोलीत कोंडली तर आपलंच डोकं फिरेल.

दादा : ठीक. मग मी नवीन यादी करतो. सोमवारी पोचल्यावर इको पॉइंट, लुइझा पॉइंट. मंगळवारी पहाटे पॅनोरामा पॉइंट, सूर्योदय. मग गार्बट...

ताई : दादा!!

मी : दादा, दिवसाला एक. फक्त एक, आणि तोही मुलांची दुपारची झोप झाल्यावर. पॅनोरामा पार उत्तर टोकाला आहे, मुलांना पहाटे उठवून तिथवर नेण्यात कुणालाच सुख नाही. तुला जायचंच असेल तर तू आणि जिजाजी पहाटे चालत जाऊन या, आम्ही मुलांबरोबर झोपतो. त्यात वाईट काहीच नाही. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायला हवं, हा हट्ट आपण सोडू या.
माझ्या मनात दिवस असा आहे : सकाळी सहा-साडेसहाला मुलं उठतातच. तेव्हा हवा छान असते, रस्त्यावर गर्दी नसते. दूध पाजून तसंच बाहेर पडायचं, तासभर भटकायचं. शेकरू दिसलं तर त्याच वेळी. आपला राज्यप्राणी आहे, छकुलीला शाळेत चित्र दाखवलंय. वर बघायला शिकवायचं फक्त, ते जमिनीवर फारसं येत नाही. नऊला नाश्ता. मग अंगण, माती, पाण्याची बादली. जेवण, झोप. चारनंतर एक जागा.

दादा : एक म्हणजे कुठली?

मी : एका संध्याकाळी इको पॉइंट. मुलांना ओरडायची परवानगी मिळणार, आणखी काय हवं त्यांना. इको, शार्लोट लेक आणि लुइझा एकमेकांच्या जवळ आहेत, पण जवळ आहेत म्हणून तिन्ही उरकायचे नाहीत. एका संध्याकाळी पॉर्क्युपाइनला सूर्यास्त, तेही बाळाचा मूड असेल तर.

मोठे काका : इकोला मी सोन्याला मोजायला शिकवतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. हाक मारल्यावर एका सेकंदाने परत आली तर समोरचा कडा १७० मीटरवर. बोटांवर मोजेल तो.

आजी : कड्याच्या टोकाला पोरं नेऊ नका.

मी : नाही आई. सगळीकडे कठडे नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. नियम ठरवू या : पॉइंटवर पोचण्याआधी, लांबूनच, प्रत्येक मुलाला एक मोठं माणूस. नाव घेऊन. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नसतं. तळ्यावरही तेच.

वहिनी : छकुली माझ्याकडे. घोड्यावर बसायचं म्हणून ती हट्ट करणार हे नक्की.

ताई : घोड्यावर मला भीती वाटते गं. मोकळ्या सपाट जागी, घोडेवाल्याने लगाम हातात धरून, हळू, आणि डोक्यावर हेल्मेट असेल तर एक छोटी फेरी. बाळाला कडेवर घेऊन घोड्यावर बसायचं नाही, कुणीही नाही. आणि माकडं. हातात खाऊची पिशवी दिसली की ती हिसकावतात, मूल घाबरून पडतं. खाऊ सॅकमध्ये, चेन बंद. मुलांना आधीच सांगून ठेवायचं की माकडांना काही द्यायचं नाही.

वहिनी : कपडे?

आजी : पांढरं काही आणू नका. ती माती धुऊन जात नाही.

ताई : घोड्यांमुळे धूळ उडते फार. सोन्याचा खोकला लक्षात घेऊन मी मऊ ओले रुमाल ठेवणार आहे. बाहेरून आलं की आधी हातपाय धुवायचे, मग खाणं.

दादा : तारखा ११ ते १४ नक्की ना? १ मे शुक्रवारी आलाय, त्याला जोडून गेलो तर माझी रजा वाचेल.

मी : नको. सलग तीन दिवस सुट्टी आणि मे महिना, दस्तुरीला गाडी लावायला रांग, शटलला रांग. रांगेत मूल सांभाळण्यात तुझी वाचलेली रजा संपेल. सोमवार ते गुरुवार सोन्यासारखे दिवस आहेत. करवंदं-जांभळंही तेव्हा असतील.

दादा : चला, ठरलं. पण मला एक दिवस मनासारखं भटकू द्या.

मी : मंगळवार पहाट तुझी. हवं तेवढं चाल. नऊला नाश्त्याला ये म्हणजे झालं, कारण त्यानंतर अंगणातलं मुलांचं मातीकाम तुझ्याकडे आहे. वहिनीला आणि मला दोन तास पुस्तक घेऊन झोपाळ्यावर बसायचंय.

वहिनी : लिहून ठेवा कुणीतरी हे. दोन तास.

ताई : लिहिलं. खोल्यांचे फोन कोण करतंय?

मी : मी उद्या करते. तीन खोल्या, तळमजला, अंगण, साडेसहाचं जेवण. दादा, पुण्याची तिकिटं तू बघ. काका, शटलचं आणि मिनी ट्रेनचं त्या आठवड्याचं वेळापत्रक तुमच्याकडे.

मोठे काका : बघतो. मिनी ट्रेनच्या तिकिटासाठी गुरुवारी खिडकीवर मी लवकर जाऊन उभा राहीन. सोन्याला उजेडाच्या बाजूची जागा हवी.

आजी : मेतकूट मी करून आणते. बाळासाठी नाचणीसत्त्व पण. छकुलीला इतक्यात सांगू नका, रोज विचारत बसेल.