मुखडा जात नाही, अंतरा आठवत नाही: अडकून बसलेल्या जुन्या प्रेमगीतांचे अनुभव

गेल्या आठवड्यात कोल्हापुरात रंकाळा तलावावर संध्याकाळी फिरत असताना ‘शुक्रतारा, मंद वारा’ या गाण्याची पहिली ओळ माझ्या डोक्यात सुरू झाली आणि पुढचे चार दिवस ती तिथेच मुक्कामाला राहिली. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर लाभलेले हे गाणे मला लहानपणापासून पाठ आहे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मुखडा ओलांडला की शब्द सापडेनात, आणि शब्द सापडेनात म्हणून मन पुन्हा मुखड्यावर येऊन थांबे.

याचे एक कारण जुन्या गाण्यांच्या बांधणीतच असावे, असे मला वाटते. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्या वेळात दोन-तीन अंतरे बसवायचे आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर मुखड्यावर परतायचे, ही घडण त्या काळात रुजली आणि तबकड्या गेल्यावरही टिकली. म्हणजे गाणे एकदा ऐकले, तरी अंतरा कानावर एकदाच पडतो आणि मुखडा तीन-चार वेळा. मग डोक्यात काय उरणार?

आपल्या बाबतीत कोणते जुने प्रेमगीत असे अडकते, ते कोणत्या प्रसंगी येते आणि कशाने जाते, हे या धाग्यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

राजारामपुरी, निवृत्त रोखपाल

मी 31 वर्षे बँकेत रोखपाल होतो. एकदा पगाराच्या दिवशी रांग दारापर्यंत गेलेली असताना ‘अभी ना जाओ छोड़कर’ डोक्यात वाजू लागले. नोटा मोजताना मनात आकडे चालू असतात. त्या आकड्यांच्या जागी गाण्याचे शब्द येऊ लागले आणि संध्याकाळी रोकड जुळवताना 500 रुपये कमी भरले. चूक माझी होती, म्हणून ते मी खिशातून भरले. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण गाणे तरीही थांबले नव्हते.

हे गाणे 1961 च्या ‘हम दोनो’ या चित्रपटातले असून गीतकार साहिर लुधियानवी यांनी ते संवादासारखे लिहिले आहे: तो थांबण्याची विनवणी करतो आणि ती निघण्याची कारणे सांगते. जयदेव यांनी चालही अशी बांधली आहे की एकाचे म्हणणे संपले की दुसऱ्याचे उत्तर ऐकावेसे वाटते. मला मात्र फक्त त्याची बाजू येत होती. पुढच्या रविवारी मी संपूर्ण गाणे वहीत उतरवून काढले आणि तिची उत्तरे पाठ केली. गाणे अजूनही येते, परंतु आता ते शेवटपर्यंत जाते आणि आपले आपण थांबते.

शिवाजी उद्यमनगर, लेथ कारागीर

माझ्याकडे गाणे यंत्रातून येते. जॉब, म्हणजे लेथवर फिरवून कापायचा धातूचा तुकडा, मोठ्या व्यासाचा असेल तर फेरे कमी ठेवावे लागतात, आणि तो पकडून फिरवणाऱ्या चकमध्ये किंचित जरी सेंटरबाहेर असला, तरी पहिल्या कटला कापणारे टूल प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी टेकते. त्याचा ‘टक्... टक्’ असा सावकाश ठेका पडतो. तो ऐकला की डोक्यात एखादे संथ भावगीत आपोआप लागते. आमच्या मिस्त्रींच्या ट्रान्झिस्टरवर सांगली आकाशवाणी दिवसभर चालू असे. ही सारी गाणी तिथूनच आली आहेत. शब्द मला फारसे येत नाहीत, चाल येते.

मला याचा त्रास कधी झाला नाही, उलट उपयोगच झाला. फिनिशिंगच्या वेळी यंत्राचा सूर एकसारखा असतो आणि त्या सुरावर गाणे सरळ चालते. मध्येच ते तुटले, तर माझा हात आधी स्विचकडे जातो. दहापैकी आठ वेळा टूलची धार गेलेली असते; कानाला ते कळण्याआधी गाण्याला कळलेले असते.

शाहूपुरी, गृहिणी

आमच्या घरी गाणे एकट्याचे राहतच नाही. मी भाकरी थापताना गुणगुणते आणि अर्ध्या तासाने हे दाढी करताना तेच गाणे गुणगुणतात, तेही अंतऱ्यांची अदलाबदल करून. मग मी स्वयंपाकघरातून बरोबर ओळ म्हणते. लग्नाला 38 वर्षे झाली. अबोला असतो त्या दिवशीही ओळ दुरुस्त करायचे मी सोडलेले नाही.

ताराबाई पार्क, मानसशास्त्राच्या प्राध्यापिका

अडकलेल्या गाण्याला जर्मन भाषेत ‘कानातला किडा’ अशा अर्थाचा शब्द आहे. बहुतेक वेळा पूर्ण गाणे अडकत नाही; काही सेकंदांचा तुकडा अडकतो आणि तो हात कामात पण मन रिकामे असताना येतो. भांडी घासणे, चालणे, बसची वाट पाहणे, हे त्याचे नेहमीचे प्रसंग. त्याला जबरदस्तीने हाकलू पाहिले, तर तो अधिकच घट्ट बसतो. इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले की च्युइंगम चघळणाऱ्यांना असे तुकडे कमी वेळा ऐकू येतात. मनातल्या मनात गाताना आपण बोलण्याचीच यंत्रणा वापरतो आणि जबडा दुसऱ्या कामात गुंतला की तिला मोकळीक मिळत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. मी बडीशेप चघळून पाहिली. मला तरी गुण आला.

मंगळवार पेठ, निवृत्त संस्कृत शिक्षिका

धागा सुरू करणाऱ्यांनी दिलेले कारण मला पुरेसे वाटत नाही, कारण मला गाणे अथपासून इतिपर्यंत पाठ आहे आणि तरीही ते जात नाही. ‘तोच चंद्रमा नभात’ हे ते गाणे. प्राचीन संस्कृत कवयित्री शीला भट्टारिकेच्या ज्या श्लोकावरून शांताबाई शेळके यांना ते सुचले, तो मी वर्गात अनेकदा शिकवला आहे: प्रियकर तोच, चैत्राच्या रात्री त्याच, मालतीचा गंध तोच, तीही तीच, आणि तरीही मन नदीकाठच्या त्या जुन्या जागेकडे ओढ घेते. सुधीर फडके यांनी ते संगीतबद्ध केले आणि गायले. त्यांचा जन्म 1919 मध्ये आपल्या कोल्हापुरातच झाला.

लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघे केशवराव भोसले नाट्यगृहात भावगीतांच्या कार्यक्रमाला गेलो, तेव्हा एका स्थानिक गायकाने हे गाणे म्हटले होते. यांनी तिकिटाचा कागद बोटांनी इतका चुरगळला होता की बाहेर पडताना त्यावरचा आसन क्रमांक वाचता येत नव्हता. ते जाऊन आता नऊ वर्षे झाली.

1915 मध्ये उभे राहिलेले ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खासबाग मैदानाच्या बाजूने तिथे गेले. बरीच माणसे उभी होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते. ओल्या, जळक्या लाकडाचा वास येत होता. तिथे उभी असतानाच गाणे सुरू झाले, तेही त्या स्थानिक गायकाच्या आवाजात, फडक्यांच्या नव्हे.

तेव्हापासून त्या कोपऱ्यावर आले की ते सुरू होते. वहीत उतरवून, बडीशेप चघळून ते जाईलही. मी तसे करून पाहिलेले नाही. भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि शेवटचा अंतरा होईपर्यंत सावकाश चालते.