जेल आणि प्रिझन : अमेरिकेत एकच नाही

बरेच जण म्हणतात की जेल आणि प्रिझन म्हणजे एकच, नुसता बोलण्यातला फरक. आपल्याकडे आणि इंग्लंडात ते चालून जाईल (तिकडे जेलचं जुनं स्पेलिंग जी-ए-ओ-एल, वाचताना दात पडतात), पण अमेरिकेत नाही हो. तिथे जेल म्हणजे काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किंवा शहराचं, बऱ्याच ठिकाणी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या ताब्यातलं. पकडून आणलेला, खटला चालू असलेला, बेलचे म्हणजे जामिनाचे पैसे भरता न आलेला असे सगळे तिथे, शिवाय साधारण वर्षाच्या आतली शिक्षा झालेले. प्रिझन राज्याचं नाहीतर फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं, तिथे शिक्षा लागलेले, वर्षाच्या वरचे. म्हणजे आपल्या भाषेत कच्चे कैदी मुख्यतः जेलात आणि पक्के प्रिझनमध्ये.

न्यूयॉर्कचं रायकर्स आयलंड बघा, एवढं मोठं आणि बदनाम असूनही ते जेलच, शहराचं, आणि तिथले बहुतेक लोक अजून दोषी ठरलेलेच नसतात! उलट हडसन नदीच्या काठचं सिंग सिंग हे राज्याचं प्रिझन.

अर्थात अपवाद आहेतच. कॅलिफोर्नियात 2011 नंतर प्रिझनमधली गर्दी कमी करायला काही गुन्ह्यांची वर्षावरची शिक्षाही काउंटी जेलात भोगायला लावतात, आणि कनेक्टिकट, व्हरमाँटसारख्या राज्यांत काउंटी जेल हा प्रकारच नाही, सगळा कारभार राज्याकडे. त्यामुळे अमेरिकन बातमीत नुसतं जेल दिसलं की माणसाला शिक्षा झाली असं लगेच धरून चालू नका.