नवं टोकन लॅपटॉपवरून चालतं, पॉडमधून मात्र एकही लॉग पोहोचत नाही

रात्रपाळी_०३ (प्रश्न)

आमचे लॉग, म्हणजे सेवांच्या कामाच्या नोंदी, स्प्लंक या लॉग साठवून शोधण्याच्या प्रणालीत, तिच्या एचटीटीपी इव्हेंट कलेक्टरवर जातात. सुरुवातीपासून टोकन (लॉग पाठवू देणारी गुप्त किल्ली) एकच, आणि तेच चौदा सेवांमध्ये. परवा एका सहकाऱ्याच्या हातून कॉन्फिग फाइल टोकनसकट सार्वजनिक रेपोमध्ये गेली. तासाभरात लक्षात आलं, फाइल काढली, पण गिटच्या इतिहासात ती आहेच. टोकन जगजाहीर झालं असंच धरून चाललोय. कलेक्टर आतल्या नेटवर्कवर आहे, एवढाच दिलासा.

नवं टोकन काढलं आणि आधी पेमेंटच्या सेवेला दिलं. लॅपटॉपवरून कर्ल या कमांडने ८०८८ पोर्टवर एक इव्हेंट पाठवला. लगेच 'सक्सेस', कोड ०, सर्चमध्येही दिसला. तेच टोकन कुबरनेटीसच्या सीक्रेटमध्ये (गुप्त माहिती ठेवायची जागा) टाकून पॉड, म्हणजे अ‍ॅप ज्यात चालतं तो कंटेनर, पुन्हा उठवला, तर सगळं शांत. कलेक्टरकडे ४०३ची (परवानगी नाकारल्याची) नोंदसुद्धा नाही. फायरवॉल नाही म्हणावं, तर पॉडमध्ये शिरून टोकन चिकटवून कर्ल केलं की इव्हेंट जातो. अ‍ॅप पायथनचं आहे, लॉग हँडलर (लॉग पाठवणारा भाग) आम्हीच रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरून लिहिलेला.

आणखी एक. टोकन दर सेवेला वेगळं काढावं का? आणि जुनं बंद कधी करायचं? त्यावर अजून तेरा सेवा आहेत. त्यातल्या दोनांचे लॉग ऑडिटला लागतात, तिथे एक ओळही गळून चालणार नाही. दोन रात्री यातच गेल्या, म्हणून विचारतोय.

कर्ल_करून_बघा

कलेक्टरकडे ४०३ नाही, हीच मोठी खूण आहे. टोकन चुकलं असतं तर विनंती तिथवर पोहोचून 'इनव्हॅलिड टोकन', कोड ४ असं उत्तर आलं असतं. तुमची विनंती अ‍ॅपमधून बाहेरच पडत नाहीये.

सीक्रेट कसं बनवलंत? एको या कमांडने टोकन छापून ते बेस६४ला (सीक्रेटसाठी मजकूर अक्षरांत एन्कोड करणारी पद्धत) पाइप केलं का? एको शेवटी नवी ओळ जोडतं आणि तीही एन्कोड होते. डोळ्यांनी तपासता येईल. स्प्लंकचं टोकन डॅशसकट ३६ अक्षरांचं. बेस६४ तीन-तीन बाइटचे गट करतं, ३६ला तीनने पूर्ण भाग जातो, म्हणून एन्कोड केलेलं बरोबर ४८ अक्षरांचं हवं आणि शेवटी बरोबरचं चिन्ह एकही नको. तुमच्याकडे ५२ अक्षरं असतील, शेवटी मोठा सी, छोटा जी आणि दोन बरोबरची चिन्हं असतील, तर ती शेवटची चार अक्षरं म्हणजे निव्वळ ती नवी ओळ.

रात्रपाळी_०३

५२ आहेत. शेवट अगदी तुम्ही लिहिलाय तसाच.

हँडलर उघडून बघितला. पाठवताना कुठलाही एक्सेप्शन (चालताना उद्भवलेली चूक) आला तरी तो पकडून गप्प बसायचं, असं आम्हीच लिहून ठेवलंय. लॉगिंगमुळे पेमेंट अडू नये हा हेतू होता. ते पकडणं काढून चालवलं तर 'इनव्हॅलिड हेडर': टोकन ज्यातून जातं त्या विनंतीच्या हेडरमध्ये नवी ओळ आहे म्हणून रिक्वेस्ट्स विनंतीच पाठवत नव्हती. मी टोकन चिकटवताना ती ओळ येत नव्हती, म्हणून कर्ल चालायचं. आता नवी ओळ न जोडणाऱ्या प्रिंटएफने सीक्रेट केलं, ४८ अक्षरं आली, आणि लॉग वाहायला लागले. मनापासून आभार. एक्सेप्शन आता गिळत नाही, एररच्या प्रवाहावर लिहितो.

सर्व्हरखोली

टोकन दर सेवेला वेगळंच काढा, आणि नावात सेवा आणि वातावरण दोन्ही लिहा. आज एका फाइलमुळे तुम्हाला चौदा ठिकाणी हात घालावा लागतोय. टोकनं वेगळी असती तर एकच सेवा बदलली असती. प्रत्येक टोकनला चालणारे इंडेक्सही (लॉग साठवायचे कप्पे) बांधून द्या. मग पेमेंटच्या टोकनने दुसऱ्याच इंडेक्सवर लिहू पाहिलं तर 'इनकरेक्ट इंडेक्स', कोड ७ येऊन तिथेच थांबतं.

या टोकनने लॉग वाचता येत नाहीत, फक्त पाठवता येतात. पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नका. खोट्या नोंदी घालता येतात, कचरा ओतून रोजचा लायसन्सचा कोटा भरता येतो, आणि ऑडिटच्या इंडेक्समध्ये खोटी नोंद म्हणजे तो पुरावाच बाद. मी इलास्टिकसर्चवर (स्प्लंकसारखीच दुसरी प्रणाली) असताना एपीआय कीला, म्हणजे तिथल्या टोकनला, फक्त 'क्रिएट डॉक' ही परवानगी देत असे. त्याने नवी नोंद टाकता येते, जुनी बदलता येत नाही. आणि टोकन यूआरएलमध्ये घालायचा मोह टाळा. स्प्लंकमध्ये ती सोय मुळात बंदच असते, आणि यूआरएल वाटेतल्या प्रॉक्सीच्या (मधल्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये उमटू शकतं.

जुनं टोकन लगेच डिलीट करू नका. एकेक सेवा नव्यावर न्या. सीक्रेट पर्यावरण चलातून (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) देत असाल तर चालू पॉडला नवी किंमत मिळत नाही, तो पुन्हा उठवावाच लागतो. अंडरस्कोर इंट्रोस्पेक्शन नावाच्या इंडेक्समध्ये टोकननिहाय इव्हेंटचे आकडे मिळतात. जुन्याचे शून्यावर आले की ते डिसेबल करा, काही दिवस तसंच राहू द्या, मग काढा. डिसेबल केलेल्यावर कोणी आलं तर ४०३, 'टोकन डिसेबल्ड', कोड १ मिळतो. विसरलेला पाठवणारा असाच सापडतो.

रात्रपाळी_०३

आठवड्यानंतरची नोंद, पुढे कोणाला लागली तर.

आधी ऑडिटच्या दोन सेवा हलवल्या, मग बाकीच्या. मधल्या काळात जुन्या टोकनला ऑडिटचा इंडेक्स बंद केला, म्हणजे फुटलेल्या टोकनने तिथे काही लिहिलं जाऊ नये. दिवसभर जुन्याचे आकडे शून्य बघून संध्याकाळी डिसेबल केलं. पहाटे साडेतीनला बॅकअपची स्क्रिप्ट कोड १ खाऊन पडली. ती आमच्या यादीतच नव्हती आणि आठवड्यातून एकदाच चालते, म्हणून दिवसभराच्या शून्यात ती दिसणार तरी कशी! तिचे लॉग डिस्कवर होते. नवं टोकन देऊन ते पुन्हा पाठवले, प्रत्येक इव्हेंटच्या 'टाइम'मध्ये मूळ वेळ सेकंदांत भरून, म्हणजे सर्चमध्ये ते आपल्या जागी, साडेतीनलाच दिसतात.

टोकनं आता पंधरा आहेत. जुनं अजून डिसेबल अवस्थेतच ठेवलंय. महिन्यातून एकदाच चालणारं काही असेल तर तेही उठून दिसेपर्यंत थांबणार आहे.