बोल्डरचे व्हॅल्मॉंट बाइक पार्क : मुलांना घेऊन जाण्यापूर्वी सल्ला हवा आहे

खानापूरकर :
नमस्कार. एप्रिल-मेच्या सुटीत आम्ही सहकुटुंब माझ्या धाकट्या बहिणीकडे, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहरात जाणार आहोत. तिच्या घरापासून जवळच व्हॅल्मॉंट बाइक पार्क नावाचे सार्वजनिक उद्यान आहे आणि भाच्याने तिथले व्हिडिओ पाठवल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. मुलगा तेरा वर्षांचा असून रविवारी मोठ्या मुलांबरोबर बेळगावजवळच्या जांबोटी रस्त्याने बऱ्यापैकी लांब सायकल चालवतो. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिची मजल गल्लीपुरतीच आहे. या दोघांना तिथे काय झेपेल, माउंटन बाइक घ्यावी की बीएमएक्स (उड्या-कसरतींची लहान चाकांची सायकल), सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, आणि जाण्यापूर्वी इथे काही सराव करून घेता येईल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टिळकवाडी_चाक :
नोकरीनिमित्त काही वर्षे मी त्याच भागात राहत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

व्हॅल्मॉंट हे बोल्डर नगरपालिकेचे उद्यान असून २०११ साली सुरू झाले. क्षेत्रफळ सुमारे ४० एकर आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेची राष्ट्रीय सायक्लोक्रॉस (चिखल, गवत आणि अडथळ्यांतून सायकल शर्यत) स्पर्धा याच जागेवर झाली होती, यावरून तिथल्या आखणीचा दर्जा लक्षात यावा. आत पंप ट्रॅक (पॅडल न मारता फिरायच्या उंचवट्यांच्या वाटा) आहेत, लहानापासून अतिमोठ्यापर्यंत चढत्या क्रमाने बांधलेल्या मातीच्या जंप (उडी मारण्यासाठीचे उंचवटे) आहेत, आणि कडेने फिरणाऱ्या साध्या पायवाटाही आहेत.

आता मुद्द्याचे. आपल्या मुलाची जांबोटी रस्त्यावरची रपेट तिथे जवळजवळ उपयोगाची नाही, हे त्याला आधीच समजावून सांगावे. रस्त्यावर दम लागतो, तर पार्कमध्ये तोल आणि वेळ साधावी लागते. आणि तेरा वर्षांचा, पायात ताकद असलेला मुलगा पहिल्याच दिवशी वेग घेऊन मध्यम जंपवर जातो, तेव्हाच मनगट मोडते. आपल्याकडची चांगली सायकल चालवणारी पाहुणे मुले हाच प्रकार करताना मी तिथे पाहिली आहेत, आणि शेजारी पाच-सहा वर्षांची स्थानिक पोरे पॅडल न मारता फेऱ्यांवर फेऱ्या मारत असतात.

म्हणून पहिला दिवस पूर्णपणे सर्वांत लहान पंप ट्रॅकवर घालवावा. पंप ट्रॅक म्हणजे ओळीने केलेले उंचवटे आणि त्यांना जोडणारी, बाहेरच्या बाजूने उचललेली वळणे. तिथे सीटवर बसायचे नाही, दोन्ही पॅडल एका पातळीत ठेवायचे, गुडघे आणि कोपरे सैल ठेवायची, उंचवटा चढताना अंग हलके करायचे आणि पलीकडच्या उतारावर हातापायांनी सायकल खाली दाबायची. हे जमले की पॅडल न मारताही वेग टिकतो. ज्याला अख्खी फेरी अशी मारता येते, त्यानेच जंपकडे वळावे.

जंपवर जाण्याआधी ती पायी चालत जाऊन पाहावी. चढ आणि उतार यांच्यामधली जागा भरून सपाट केलेली असेल, तर कमी वेगातही चाक वरून सहज निघून जाते. मधे खड्डा सोडलेला असेल, तर अर्धवट उडी थेट समोरच्या मातीवर आदळते. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

शहापूरची_आई :
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मुलीच्या बाबतीत माझ्याकडून एक भर घालते.

आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो, तर अमेरिकेत डाव्या हाताचा पुढे आणि उजव्या हाताचा मागे असतो. आमच्या मुलीला मावशीकडे गेल्यावर हे कुणी सांगितले नव्हते. नेहमीच्या सवयीने तिने डावा ब्रेक जोरात दाबला, मागचे चाक उचलले गेले आणि ती हँडलवरून पुढे गेली. हेल्मेट होते म्हणून हनुवटीला दोन टाक्यांवर निभावले. सायकल हातात आली की आधी सपाट जागेवर उभे राहून कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा आहे, हे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे आणि मगच आत सोडावे.

सरावासाठी काही खास जागा लागत नाही. शांत गल्लीतला एखादा गोल माथ्याचा गतिरोधक पुरतो. सीट खाली करून, उभे राहून, पॅडल न मारता त्यावरून जायचे आणि उतरताना दाबायचे. आमच्या घरासमोर हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा शेजारच्या आजोबांनी 'सायकल मोडली काय गं' म्हणून विचारले होते, पण महिनाभरात मुलीचे अंग सैल झाले. वाहने नसलेली वेळ निवडावी, हे वेगळे सांगायला नको.

निपाणीकर_१ :
एक सूचना. प्रवास विमा घेताना त्यातील वगळलेल्या बाबींची यादी वाचावी. माउंटन बाइकिंग आणि बीएमएक्स यांना काही विमा योजना साहसी खेळांत धरतात आणि त्यासाठी वेगळा हप्ता लागतो. हाड मोडण्याचा खर्च अमेरिकेत काय होतो, हे येथे लिहून घाबरवत नाही.

खानापूरकर :
सर्वांचे मनापासून आभार. ब्रेकची गोष्ट तर डोक्यातही आली नव्हती. सायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न अजून राहिला आहे. भावोजींच्या मते इथून बीएमएक्स विकत घेऊन नेल्यास स्वस्त पडेल.

टिळकवाडी_चाक :
भावोजींचा मान राखून सांगतो, नेऊ नये. विमानातील सामानाचा आकार, खोके आणि तिथे गेल्यावर पुन्हा जोडणी यांत बचत संपते. शिवाय आपल्याकडे बीएमएक्स म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त सायकलींचा नुसता आकारच तसा असतो. जंपचा मार त्यांची रिम आणि हँडल सोसत नाही.

खऱ्या बीएमएक्सला २० इंची चाके, एकच गिअर आणि बहुधा फक्त मागचा ब्रेक असतो. पंप ट्रॅकवर ती चपळ वाटते, पण लहान चाकामुळे चूक लगेच अंगावर येते आणि पायवाटांवर ती दमवते. मुलासाठी मागे सस्पेन्शन (धक्के शोषणारी स्प्रिंग) नसलेली साधी माउंटन बाइक भाड्याने घ्यावी, कारण ती पंप ट्रॅक, लहान जंप आणि पायवाटा तिन्हीकडे चालते. मुलीला भाच्याची जुनी २० इंची सायकल मिळाली तर उत्तमच. इथून न्यायचे असेल तर हातमोजे आणि गुडघ्या-कोपराचे पॅड न्यावेत. हेल्मेट मात्र तिथे, डोक्यावर घालून बघून घ्यावे.

आता आपल्या तारखांविषयी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वळवाची वाट पाहतात, पण बोल्डरला मे महिन्यातसुद्धा बर्फ पडू शकतो. बर्फ वितळला की तिथली माती चिकट होते. आपली जांभ्याची तांबडी माती पावसानंतर लवकर निचरते, तशी ती निचरत नाही. ओल्या ट्रॅकवर चाक गेले की खोल चाकोरी पडते आणि ती वाळून दगडासारखी कडक होते, म्हणून ओल असताना नगरपालिका पार्क बंद ठेवते. घरून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर पार्क चालू आहे का, ते पाहावे. कुणी अडवत नसले तरी ओल्यात शिरू नये. लोक स्पष्ट शब्दांत सुनावतात, आणि ते योग्यच आहे. एकच दिवस ठरवून जाण्याऐवजी मुक्कामातले चार-पाच दिवस मोकळे ठेवावेत.

शहापूरची_आई :
शक्यतो सकाळी जावे. मेअखेरीपासून तिथे दुपारनंतर विजांचे ढग येतात आणि उघड्या माळावर आडोसा नसतो. बेळगावची उंची अडीच हजार फुटांच्या आसपास आहे, बोल्डरची साडेपाच हजारांच्या जवळ. त्यामुळे पोहोचल्यावर दोन दिवस मुले नुसती फिरू द्यावीत आणि पाण्याच्या बाटल्या जास्त ठेवाव्यात.

आणि पंप ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने फिरतात. सुरुवातीच्या उंचवट्यावर रांगेत थांबायचे, पुढचा बराच पुढे गेला की निघायचे, आणि पडलो तर आधी सायकल उचलून बाजूला व्हायचे, कपडे नंतर झटकायचे. फोटो काढण्यासाठी आई-वडिलांनी ट्रॅकच्या मधे उभे राहू नये, हेही लिहून ठेवते, कारण आमच्या ह्यांना तिथे एका सात वर्षांच्या मुलाने अतिशय नम्रपणे बाजूला व्हायला सांगितले होते.