२४ तास थांबू नका

घरातलं माणूस हरवलंय म्हणून तुम्ही इथं मदत मागितलीय, त्यावर "२४ तास वाट बघा, मगच पोलिसांत जा" असं वर एकांनी सुचवलंय. कळकळीनं सांगते, थांबू नका. असा कुठलाही नियम नाही. हरवलेलं माणूस १८ वर्षांच्या आतलं असेल तर अपहरण समजून गुन्हाच नोंदवायचा, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलंय. लेकरांसाठी १०९८ ला फोन करा, एरवी ११२ ला.

फोटोचं मात्र नीट बघा. आमच्या थोरल्या काकांना विस्मरणाचा त्रास आहे. इथं कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला गेले आणि गर्दीत चुकले. घाबरून आम्ही लग्नातला, फेटा बांधलेला फोटो सगळीकडं पाठवला. त्यावरनं कोण ओळखणार? मग पुतण्याकडं त्याच सकाळचा फोटो निघाला: पांढरी टोपी, कोपरावर उसवलेला निळा स्वेटर. तो घेऊन सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर गेलो, तर एका कंडक्टरनं स्वेटर बघूनच सांगितलं, "हे आजोबा जोतिबाच्या गाडीत बसले." डोंगरावर दीपमाळेपाशी बसलेले मिळाले.

म्हणून नुसतं फॉरवर्ड करून थांबू नका; स्टँड, रेल्वे स्टेशन, सीपीआर हॉस्पिटल इथं कुणीतरी स्वतः जा. मी उद्या सकाळी सीबीएसवर आहे, ताजा फोटो टाका, प्रिंट काढून नेते.