नातं जमलं की कंडोम सुटतो. बरोबर आहे का?

निशाचर
विद्यापीठातल्या मुलामुलींना एचआयव्ही कसा पसरतो विचारा, धडाधडा सांगतील. पण नात्याला महिना-दोन महिने झाले की कंडोम बंद आणि गर्भनिरोधक गोळ्या सुरू. म्हणजे धास्ती होती ती फक्त दिवस जाण्याची! गोळी एचआयव्ही अडवत नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. माझं मत: दोघांची तपासणी होईपर्यंत कंडोम सोडू नये.

तिरकस
अजिबात पटलं नाही. एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले त्या १९८१ची भीती अजून किती वर्षं विकणार? आता प्रेप आहे, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी. ती सांगितल्याप्रमाणे घेतली तर संबंधांतून एचआयव्ही होण्याचा धोका जवळपास ९९ टक्क्यांनी कमी होतो. उपचारांमुळे ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झालाय आणि तसाच राहिलाय, त्याच्याकडून जोडीदाराला लागणच होत नाही. शिवाय कंडोमने मजा जाते, हे कुणीतरी खरं बोला.

अनुजा
तिरकस, तुमच्या ओळखीतले किती जण प्रेप घेतात? आणि परमा (गनोरिया), गरमी (सिफिलिस) यांना ती गोळी काय करणार? उपचारांचं म्हणणं खरं आहे, पण त्यासाठी आधी आपल्याला लागण झालीय हे कळायला हवं.
खरी अडचण वेगळीच आहे. मुलाच्या पाकिटात कंडोम असला तर तो समजूतदार, मुलीच्या पर्समध्ये दिसला तर तिच्याबद्दल कुजबुज. तिने विषय काढलाच तर ‘माझ्यावर संशय आहे का?’ यावर ती बिचारी काय बोलणार?

तिरकस
संशय वाटणारच! प्रेमात रिपोर्ट मागत फिरायचं का?

शंकासुर
मागा, पण योग्य वेळी. शनिवारी संबंध, सोमवारी टेस्ट, निगेटिव्ह आली की स्वारी खूश. त्या रिपोर्टला काडीची किंमत नाही. बोटाच्या रक्तावरच्या झटपट चाचणीत लागण दिसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, शिरेतल्या रक्तावरच्या अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीत (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने केलेली प्रतिद्रव्यं, दोन्ही शोधणारी) ४५ पर्यंत. आणि नेमकं त्याच सुरुवातीच्या काळात अंगात विषाणू भरमसाट असतो.
कंडोम फाटला तर रडत बसू नका. ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठून पेप, म्हणजे संबंधांनंतर लागण टाळायला घ्यायची औषधं, सुरू करा, जितक्या लवकर तितकं बरं. ती २८ दिवस घ्यावी लागतात. (फाटतो बहुतेक वापरणाऱ्याच्याच कर्माने. पाकिटात महिनोन्महिने चेपून ठेवायचा, वर लेटेक्सला तेल नाहीतर व्हॅसलीन फासायचं!)

तिरकस
म्हणजे तीन महिने कंडोम वापरायचा, टेस्ट करायची, मग सोडला तरी चालतो. फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात की.

निशाचर
तुमच्या कुठल्या? तुम्ही तर टेस्टलाच संशय म्हणत होतात. आणि त्या तीन महिन्यांत दोघांपैकी कुणाचं बाहेर काही झालं, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. ते एकमेकांना सांगणार का, एवढं बोला.