स्वतःची भाषा बनवतोय, क्रियापद कुठं टाकू?

रावेरकर:
गोष्टीसाठी एक काल्पनिक भाषा बनवतोय, शब्द बरेच जमलेत पण वाक्य काही केल्या मराठीसारखंच होतं, म्हणजे कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. वेगळं वाटावं म्हणून क्रियापद पुढं आणलं तर चालेल का?

भुसावळ_जंक्शन:
चालेल की भाऊ, आयरिश, वेल्शमध्ये क्रियापद आधीच येतं. 'खातो पोरगा केळं' असं. पण मग बाकीचंही हलवावं लागतं, नुसतं क्रियापद उचलून पुढं ठेवलं तर उसनं वाटतं. मराठीत 'धुळ्याला', 'घरात', प्रत्यय मागून लागतात, क्रियापद शेवटी असणाऱ्या भाषांत बहुतेक तसंच असतं, आणि क्रियापद आधी असलं की असे शब्द बहुतेक नामाच्या आधी येतात.

तापीकाठ:
क्रम ठरवायचाच कशाला म्हणतो मी? एस्परांतो बघ, तीही बनवलेलीच भाषा, १८८७ मध्ये झामेनहॉफने आणली. कर्माला शेवटी 'न' लावायचा, बस. 'पोरगा खातो केळंन' काय नि 'केळंन खातो पोरगा' काय, खाणारा पोरगाच.

भुसावळ_जंक्शन:
हो ते पण आहे, आणि भूतकाळ विसरू नको दादा. आपल्याकडं 'पोरानं केळं खाल्लं' पण 'पोरानं चिंच खाल्ली', क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणं बदलतं. इंग्रजीवाल्यांना हे सुचत नाही लवकर, तुला फुकटात मिळालंय, वापर ना.

रावेरकर:
भारी. क्रियापद आधी फिक्स, आता प्रत्यय उलटे करतो, दोन-चार वाक्यं जमली की इथंच टाकतो.